लिथुआनियाचं नव्वदच्या दशकातलं विस्मृत पॉप आणि डान्स संगीत कसं शोधायचं

लिथुआनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा छोटा देश. 1990 साली तिथली लोकसंख्या सुमारे 37 लाख होती, आज ती 29 लाखांच्या आसपास आहे. सोव्हिएत संघातून बाहेर पडल्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत एवढ्याशा देशातल्या तरुणांनी स्वतःच्या भाषेत सिंथपॉप (सिंथेसायझरवर बेतलेलं पॉप), युरोडान्स (युरोपीय क्लबांमधलं जलद नाचाचं पॉप), रॅप आणि साधी-सरळ प्रेमगाणी धडाक्यानं रेकॉर्ड केली. त्यातलं पुष्कळसं कॅसेटवर निघालं, मंडईत विकलं गेलं, काही वर्षं गाड्यांच्या टेपरेकॉर्डरमध्ये वाजलं आणि मग कपाटात गेलं. स्ट्रीमिंग ॲपवर त्याचा एक तुकडाच सापडतो, आणि तोही बहुतेक त्याच त्या गाजलेल्या गाण्यांचा.

हा लेख अशा श्रोत्यासाठी आहे, ज्याला लिथुआनियन भाषा येत नाही, तिकडे कुणी ओळखीचं नाही, पण जुनं सिंथेसायझर आणि ड्रम मशीन ऐकलं की कान टवकारतात. माझा मुख्य सल्ला एकच आहे. गाण्यांच्या मागे धावू नका, इनले कार्डावर, म्हणजे कॅसेटच्या डबीतल्या घडीच्या कागदावर, छापलेल्या नावांच्या मागे जा. संगीतकार, संयोजक, ध्वनिमुद्रक आणि स्टुडिओ यांची नावं एकदा जुळू लागली की ॲप जे कधीच सुचवणार नाही ते हाती लागू लागतं.

पहिली पायरी: आधी तो काळ समजून घ्या

हा भाग टाळून थेट यूट्यूबवर जावंसं वाटेल, पण थोडं थांबा. काय ऐकतोय आणि ते असं का वाजतंय हे कळलं नाही, तर दहा गाण्यांत कंटाळा येतो.

सोव्हिएत काळात तबकड्या काढणारी एकच सरकारी कंपनी होती, मेलोदिया. लिथुआनियाची राजधानी विल्नियसला तिचा स्टुडिओ होता, शेजारच्या लाटव्हियातल्या रिगाला तबकड्या छापण्याचा कारखाना. कोणाची तबकडी निघणार हे वरून ठरायचं. अशा व्यवस्थेत डान्स संगीताला जागा नव्हती असं मात्र नाही. गावोगावच्या सांस्कृतिक भवनांमध्ये डिस्को रात्री व्हायच्या, इटालियन आणि जर्मन डिस्को तिथे तुफान चालायचा, आणि मॉडर्न टॉकिंगसारख्या बँडच्या तबकड्या तर मेलोदियानं स्वतःच परवाना घेऊन काढल्या होत्या. आपल्याकडचा एक खरा धागाही इथे येतो. मिथुन चक्रवर्ती आणि बप्पी लाहिरींचा डिस्को ऐंशीच्या दशकात सोव्हिएत चित्रगृहांमध्ये प्रचंड गाजला. नव्वदमध्ये कीबोर्डसमोर बसलेल्या पिढीच्या कानांवर बालपणी जे पडलं, त्यात तोही होता.

मग 1987, 1988 आणि 1989 या तीन उन्हाळ्यांत 'रोको मार्शास' नावाचे रॉक दौरे निघाले. शहराशहरांत मैदानं भरली. आर्किटेक्ट असलेल्या आल्गिर्दास काउश्पेदास यांचा आंतिस हा बँड त्यात आघाडीवर होता. उपरोधानं भरलेली त्यांची गाणी आणि स्वातंत्र्याची चळवळ एकाच व्यासपीठावर आली. 11 मार्च 1990 रोजी लिथुआनियानं स्वातंत्र्य पुन्हा जाहीर केलं. 13 जानेवारी 1991 ला सोव्हिएत सैन्यानं विल्नियसचा टीव्ही टॉवर ताब्यात घेतला, निःशस्त्र लोक मारले गेले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मॉस्कोनं स्वातंत्र्य मान्य केलं.

त्यानंतरचा काळ आपल्या कामाचा. 1992 मध्ये महागाई वर्षाला हजार टक्क्यांच्या पलीकडे गेली. तात्पुरतं चलन वापरात आलं, आणि 25 जून 1993 ला लितास हे स्वतःचं चलन. सरकारी कंपनीची मक्तेदारी संपली, पण तिच्या जागी पैसा असलेलं काही उभं राहिलं नाही. एक कीबोर्ड, एक चार किंवा आठ ट्रॅकचं रेकॉर्डर आणि कॅसेट कॉपी करायचं यंत्र, एवढ्यावर अल्बम निघू शकत होता. म्हणून निघाले, आणि भरपूर निघाले. विल्नियसच्या पश्चिमेला असलेला गारियूनाई हा अवाढव्य उघडा बाजार या व्यापाराचं केंद्र होता. जीन्स, कॉफी आणि गाड्यांच्या सुट्या भागांच्या बरोबरीनं तिथे कॅसेटींचे ढीग असत, अधिकृत आणि चोरट्या शेजारी शेजारी. चोरट्या प्रतींमुळे कलाकारांच्या हाती विक्रीतून फार काही लागत नसे. उत्पन्न कार्यक्रमांतून यायचं, आणि कार्यक्रम बहुधा आधी रेकॉर्ड केलेल्या फोनोग्रामवर व्हायचे.

हे लक्षात ठेवून ऐकलं की आवाजाचा पोत कळू लागतो. ड्रम मशीनचा कोरडा ठोका, एकाच कीबोर्डमधून आलेले बास, पियानो आणि 'व्हायोलिन', थोडा जास्तच पुढे आलेला गळा. गरिबीचे हे ठसे झाकायचा कोणी प्रयत्न केलेला नाही, आणि मला त्यातच या संगीताचं देखणेपण दिसतं. हसण्यासाठी ऐकणारे लोक या संगीताला भरपूर मिळाले आहेत. कान देऊन ऐकणारे कमी मिळाले.

दुसरी पायरी: मोठ्या दारानं आत या

अनोळखी गोष्टीकडे जायचं तर आधी तिथल्या लोकांना जे तोंडपाठ आहे ते ऐकावं. यासाठी एक संध्याकाळ पुरते.

सुरुवात फोये या बँडपासून करा. 1983 मध्ये विल्नियसच्या शाळकरी मुलांनी तो सुरू केला. आंद्रियुस मामोंतोवास हा त्याचा गायक आणि गीतकार. सिंथपॉप आणि न्यू वेव्हच्या वळणाची उदास, हळवी, तरीही नाचता येतील अशी गाणी. 1997 मध्ये विल्नियसच्या विंगिस पार्कमध्ये त्यांचा निरोपाचा कार्यक्रम झाला, तेव्हा सुमारे 60 हजार माणसं जमली होती. देशाच्या लोकसंख्येशी हा आकडा ताडून पाहा, म्हणजे या बँडचं वजन कळेल. नंतरच्या कित्येक कमी माहितीच्या सिंथपॉप बँडमध्ये फोयेची सावली ऐकू येते, म्हणून तो आधी कानात बसवायचा.

मग युरोव्हिजन, म्हणजे युरोपातल्या देशांची दरवर्षीची गाण्यांची स्पर्धा. तिचं संपूर्ण चित्रण सहज मिळतं, त्यामुळे नवख्यासाठी ही सोपी जागा आहे. लिथुआनिया पहिल्यांदा उतरला 1994 मध्ये. घोगऱ्या, तापलेल्या आवाजाचे ओविदियुस विश्न्याउस्कास डब्लिनला गेले आणि एकही गुण न मिळता शेवटच्या क्रमांकावर आले. ते गाणं शांतपणे ऐका, शून्याच्या लायकीचं ते अजिबात नाही. देश परत आला तो थेट 1999 मध्ये, आइस्ते स्मिल्गेविच्यूते हिनं देशाच्या पश्चिम भागातल्या समोगितियन बोलीत गायलेलं गाणं घेऊन. 2001 मध्ये स्कॅम्प हा बँड गेला. त्यात मूळची आयरिश गायिका एरिका जेनिंग्ज आहे आणि मालीचे वडील असलेला व्हिक्टोरास दियावारा. एका दशकात देश किती खुला झाला, हे या तीन नोंदी एकापाठोपाठ ऐकल्या की कळतं. 2021 मध्ये द रूप या बँडनं आठवा क्रमांक मिळवला. त्यांच्या गाण्यातला ऐंशी-नव्वदचा डिस्को कुठून आला, ते पुढच्या पायऱ्यांवर सापडेल.

मारियोनास मिकुताविचियुस यांचं 2000 सालचं 'त्रीस मिलियोनाई', म्हणजे 'तीस लाख', हेही ऐकून ठेवा. सिडनी ऑलिंपिकच्या वेळचं हे गाणं पुढे बास्केटबॉलच्या प्रेक्षकांचं दुसरं राष्ट्रगीतच झालं. डान्स संगीत नसलं, तरी त्या देशात पॉप गाण्याला काय मोल आहे ते यातून उमगतं.

तिसरी पायरी: अक्षरं आणि आडनावं

शोध घेताना सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथे, आणि तो वाचवणं सोपं आहे.

लिथुआनियन भाषा रोमन लिपीत लिहितात, पण काही अक्षरांना चिन्हं असतात. मी 'श' लिहिला असेल तिथे बहुधा एसच्या डोक्यावर छोटा व्ही असतो, 'च' असेल तिथे सीच्या डोक्यावर, आणि खोल 'झ' असेल तिथे झेडच्या डोक्यावर. शब्दाच्या शेवटी 'ए' ऐकू आला तर बऱ्याचदा त्या ईवर टिंब असतं. शोधयंत्रं चिन्हांशिवायही चालवून घेतात, पण यूट्यूबवर दोन्ही पद्धतींनी शोधा. जुन्या चित्रफिती टाकणाऱ्यांनी घाईत चिन्हं गाळलेली असतात.

'नृत्यसंगीत', 'कॅसेट', 'नव्वदचं दशक', 'जुनी गाणी', 'संग्रह' असे शब्द भाषांतराच्या ॲपमधून लिथुआनियनमध्ये काढा आणि एका फायलीत साठवा. शोकियू मुझिका (नृत्यसंगीत), कासेते (कॅसेट), दाइना (गाणं), ग्रुपे (गट), दिस्कोतेका (डिस्को) हे शब्द काही दिवसांतच डोळ्यांना ओळखीचे होतात. या भाषेत मराठीसारखीच विभक्ती आहे. नाव वाक्यात आलं की त्याचं शेपूट बदलतं, म्हणून शोधताना शब्दाचं मूळ रूपही टाका आणि शेवटची दोन अक्षरं काढून उरलेलंही टाका.

आडनावांचं एक गुपित फार उपयोगी आहे. पुरुषाचं आडनाव बहुधा आस, इस किंवा उस यांनी संपतं. अविवाहित स्त्रीचं आइते, ईते किंवा ऊते यांनी, आणि लग्नानंतर पारंपरिक रूप येने. त्यामुळे 1992 च्या कॅसेटवरची गायिका 1999 च्या सीडीवर वेगळ्याच नावानं दिसू शकते. पहिलं नाव आणि आवाज जुळत असेल, तर ती तीच असण्याची शक्यता तपासून पाहा. अर्धी कोडी इथेच सुटतात.

चौथी पायरी: थोडं मागे जाऊन या

सोव्हिएत काळातलं थोडंसं संगीत ऐकल्याशिवाय नव्वदचं डान्स संगीत आभाळातून पडल्यासारखं वाटतं. काउनासच्या गेद्रियुस कुप्रेविचियुस यांनी आर्गो नावाचा इलेक्ट्रॉनिक संगीताचा गट चालवला. 1980 ची त्यांची 'डिस्कोफोनिया' ही तबकडी मेलोदियानं काढली. कुप्रेविचियुस हे काउनासच्या घंटामनोऱ्यातला कॅरिलॉन, म्हणजे पट्ट्या दाबून वाजवायचा घंटांचा संच, वाजवणारे संगीतकार आहेत, आणि घंटांच्या त्या नादाची सवय त्यांच्या सिंथेसायझरमध्ये मला स्पष्ट जाणवते. दुसरी तबकडी संगीतकार तेइसुतिस माकाचिनास यांची, 1982 ची, नावच 'डिस्को मुझिका'. ऑर्केस्ट्राचं शिक्षण घेतलेला माणूस डिस्कोकडे वळला की काय होतं, त्याचा हा नमुना. जगभरचे जुन्या तबकड्यांचे शौकीन आज ती शोधत असतात.

शेजारच्या लाटव्हियातला झोडियाक हा बँडही ऐका, पण त्याला लिथुआनियन समजू नका. विक्रेते बाल्टिक देशांची सर्रास मिसळ करतात.

पाचवी पायरी: डिस्कॉग्ज आणि इनले कार्ड

खरं काम इथून सुरू होतं. डिस्कॉग्ज हे तबकड्या, कॅसेटी आणि सीडी यांचं सर्वांत मोठं लोकांनी बनवलेलं सूचिपत्र आहे. खातं उघडा. शोधात देश लिथुआनिया, दशक नव्वद, माध्यम कॅसेट असं निवडा. शैलीत आधी सिंथपॉप, मग युरो हाऊस, युरोपॉप, टेक्नो असं एकेक घ्या. यादी लोकप्रियतेनुसार लावू नका, सालाप्रमाणे लावा. 1990 ते 2000 अशी वर चढत गेलात की तबकडीकडून कॅसेटकडे आणि कॅसेटकडून सीडीकडे होणारा प्रवास आपोआप दिसतो.

1990 ते 1993 च्या नोंदींमध्ये विल्नियसच्या जुन्या स्टुडिओच्या नावानं निघालेल्या तबकड्या भेटतात. मेलोदियापासून सुटलेल्या त्या स्टुडिओची ही शेवटची बहारदार वर्षं. त्यानंतर झोना, बोम्बा, कोया अशा खासगी कंपन्यांची नावं येऊ लागतात. प्रत्येक कंपनीच्या पानावर जाऊन तिची पूर्ण यादी क्रमांकानुसार पाहा. क्रमांकांत मध्येच भोक दिसलं, म्हणजे 14 नंतर एकदम 16, तर 15 क्रमांकाची कॅसेट बहुधा अजून कोणी नोंदवलेली नाही असं समजायचं. अशी भोकं वहीत लिहून ठेवा. माझ्या दृष्टीनं या छंदातला सर्वांत मोठा आनंद या भोकांत आहे.

आता एखादी नोंद उघडा आणि चित्रांमध्ये इनले कार्डाचा आतला भाग शोधा. मराठी कॅसेटींवर जसं बारीक अक्षरात गीतकार, संगीतकार, संयोजक छापलेलं असायचं, तसंच इथेही असतं. फोटो मोठा करून नावं उतरवून घ्या. अक्षरं ओळखणारं फोनमधलं भाषांतराचं ॲप इथे कामाला येतं. पुढे कुणाच्या मागे जायचं, याचाही एक क्रम आहे. गायकाच्या मागे जाऊन फार काही मिळत नाही, त्याची यादी तशीही समोर असते. संयोजकाच्या मागे जा. छोट्या देशात कीबोर्ड चांगला वाजवणारी आणि स्टुडिओ असलेली माणसं मोजकी असतात. एकच माणूस सकाळी हळव्या प्रेमगीताचं संयोजन करतो आणि रात्री युरोडान्सचं. एखाद्या पॉप गायिकेच्या तिसऱ्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला चौथं गाणं अचानक जोरदार टेक्नोकडे वळलेलं सापडतं, ते असं.

शोध कुठून सुरू करायचा, तर ही काही नावं. नृत्यसंगीताच्या बाजूला नाक्तिनेस पेरसोनोस, झास, एक्सेम आणि एगिदियुस द्रागूनास यांचा सेल. इलेक्ट्रॉनिक पॉपमध्ये इगोरिस कोफास यांचा लेमन जॉय, ज्याची सुरुवात 1994 ची. मुख्य प्रवाहात जॉर्दाना बुत्कुते, जिच्या आवाजानं ते दशक गाजवलं. मुलींच्या गटांमध्ये मांगो. जरा खडबडीत, रॉकच्या अंगानं जाणारं हवं असेल तर शाउलियाई शहराचा बिक्स. हे सगळे तिथे घराघरांत माहीत असलेले लोक आहेत, अनोळखी नाहीत. त्यांच्या कॅसेटींवरच्या नावांच्या धाग्यानं पुढे गेलं की अनोळखी मंडळी भेटू लागतात.

संग्रह-कॅसेटींना विशेष जपा. वेगवेगळ्या कलाकारांची सोळा-अठरा गाणी एकत्र केलेल्या त्या कॅसेटींवर कित्येकदा असे गट असतात, ज्यांनी आयुष्यात एकच गाणं रेकॉर्ड केलं. अल्बमच नसल्यामुळे ते इतर कुठल्याही यादीत येत नाहीत.

साल छापलेलं नसेल तर ते ओळखायच्या दोन खुणा. बारकोड 477 नं सुरू होत असेल तर तो लिथुआनियात नोंदवलेला आहे, आणि बारकोडच नसेल तर कॅसेट बहुधा दशकाच्या सुरुवातीची. किमतीची चिठ्ठी लितासमध्ये असेल तर कॅसेट 1993 च्या उन्हाळ्यात किंवा त्यानंतर विकली गेलेली, कारण त्याआधी ते चलन वापरात नव्हतं.

सहावी पायरी: पडदा आणि रेडिओ

नाव कळलं पण कॅसेट मिळत नाही, अशा वेळी यूट्यूबवर या. अनेकांनी घरच्या व्हीएचएस टेपा डिजिटल करून टाकल्या आहेत. त्यांत गाण्यांच्या कार्यक्रमांचे अर्धवट तुकडे, मध्येच जाहिरात, कोपऱ्यात वाहिनीचं चिन्ह असं सगळं येतं. त्या चिन्हाकडे लक्ष द्या. खासगी वाहिन्या 1993 च्या सुमारास आल्या, एलएनके ही वाहिनी 1995 मध्ये. तेवढ्यावरून चित्रफितीचं साल बऱ्यापैकी ठरवता येतं. खालच्या प्रतिक्रियाही वाचा. तिथे कुणीतरी गायकाचं गाव, बँडमधल्या दुसऱ्या माणसाचं नाव किंवा कॅसेटचं शीर्षक लिहिलेलं असतं, आणि अशी माहिती दुसरीकडे कुठेच नसते.

सार्वजनिक प्रसारण संस्था एलआरटी हिची 'मेदियातेका' ही संकेतस्थळावरची चित्र-ध्वनिफितींची तिजोरी नीट चाळा. जुन्या कार्यक्रमांचं चित्रण तिथे चांगल्या दर्जात आहे. म्युझिक डॉट एलटी या संकेतस्थळावर लिथुआनियन श्रोत्यांनी कलाकारांची आणि अल्बमांची माहिती जमवली आहे. डिस्कॉग्जवर नसलेली गाणी तिथे कधी कधी शब्दांसकट भेटतात. विल्नियसमधलं लिथुआनियन संगीत माहिती केंद्र संगीतकारांच्या चरित्रांसाठी विश्वासाचं आहे, जरी त्याचा भर गंभीर संगीतावर असला तरी. मार्तिनास माझ्विदास यांच्या नावाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ध्वनिमुद्रणांचा संग्रह आहे. एखादी कॅसेट खरोखर निघाली होती का, असा प्रश्न पडला तर तिथलं सूचिपत्र पाहावं.

रेडिओही चालू ठेवा. एम-1 हे देशातलं पहिलं खासगी रेडिओ केंद्र 1989 च्या अखेरीस सुरू झालं आणि नव्वदचा आवाज घडवण्यात त्याचा वाटा मोठा होता. जुनी देशी गाणी हवी असतील तर काउनासचं पूकास ऐका. दोन्ही इंटरनेटवर मिळतात. लिथुआनियाचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतं, हिवाळ्यात साडेतीन. म्हणजे आपली रात्रीची जेवणं उरकतात तेव्हा तिकडे संध्याकाळ रंगायला लागलेली असते. गाणं ओळखणारं ॲप या संगीतावर बऱ्याचदा गप्प बसतं. वेळ लिहून ठेवा आणि नंतर केंद्राच्या संकेतस्थळावर वाजलेल्या गाण्यांची यादी मिळते का ते पाहा.

सातवी पायरी: कॅसेट विकत घेणं आणि जपणं

डिस्कॉग्जवर लिथुआनियातले विक्रेते आहेत. पॉप कॅसेटी सहसा स्वस्त असतात, टपालखर्च त्यांच्यापेक्षा जास्त होतो. म्हणून एकाच विक्रेत्याकडून आठ-दहा एकदम घ्या, प्लास्टिकची डबी काढून फक्त कॅसेट आणि इनले पाठवायची विनंती करा, आणि आपल्याकडचं सीमाशुल्क हिशोबात धरा. स्केल्बियू हे तिकडचं जाहिरातींचं संकेतस्थळ आहे. तिथे लोक आईवडिलांच्या घरातली अख्खी खोकी विकायला काढतात, पण भारतात पाठवायला क्वचितच कोणी तयार होतं. शिकागो, डब्लिन, लंडन या शहरांत लिथुआनियन वस्ती मोठी आहे, आणि तिकडे स्थलांतरित झालेल्यांच्या कॅसेटीही विक्रीला येतात. मराठी माणसं या तिन्ही शहरांत आहेत. नात्यातलं कोणी सुट्टीत येणार असेल तर एक छोटं पुडकं आणायला सांगता येतं. विल्नियसला जाणं झालंच तर जुन्या शहरातल्या स्तिक्लियू गल्लीतलं थेलोनियस हे तळघरातलं तबकड्यांचं दुकान चुकवू नका.

कॅसेट वाजवायचा डेक घेताना घाई नको. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली इथे आजही दुरुस्तीचं सामान आणि जाणकार कारागीर भेटतात. बेल्ट नवा घालून घ्या, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. तीस वर्षं पडून राहिलेली कॅसेट थेट वाजवू नका. आधी ती शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे फिरवा, म्हणजे चिकटलेले थर मोकळे होतात. टेपेच्या मागचा छोटा नमदा गळून पडलेला असेल तर दुसऱ्या कॅसेटमधला काढून बसवा.

आवाज दबका, कांबळ्याखालून आल्यासारखा वाटला तर कॅसेट खराब आहे असं लगेच ठरवू नका. हेडचा कोन जुळवणारा छोटा स्क्रू असतो. गाणं चालू ठेवून तो अगदी हलक्या हातानं फिरवा, झांजांचा आवाज सर्वांत स्वच्छ येईल तिथे थांबा. घाईत कॉपी केलेल्या या कॅसेटींमध्ये हा कोन दर वेळी वेगळा निघतो, त्यामुळे प्रत्येक बाजूसाठी पुन्हा जुळवा. इनलेवर डॉल्बीचं (टेपेची खरखर कमी करणाऱ्या यंत्रणेचं) चिन्ह नसेल तर डेकवरचं डॉल्बी बंद ठेवा. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा, पातळी शिखराला उणे 6 डेसिबलच्या आसपास राहू द्या, आणि मूळ प्रत फ्लॅक या दर्जा न घटवणाऱ्या स्वरूपात तशीच ठेवा. खरखर काढायचा मोह होतो. ती काढायचीच तर वेगळ्या प्रतीवर काढा. इनले दोन्ही बाजूंनी 600 डीपीआयवर स्कॅन करा.

आठवी पायरी: नोंद करा, विचारा

जे सापडेल ते डिस्कॉग्जवर नोंदवा. गाण्यांची नावं चिन्हांसकट, श्रेयनामावली जशी छापली आहे तशी, फोटो स्पष्ट. लेबलच्या यादीतलं एक भोक भरलं की मागून येणाऱ्याचं काम सोपं होतं. गाणी मात्र सरसकट इंटरनेटवर टाकू नका. ही माणसं हयात आहेत, हक्क त्यांचे आहेत, आणि त्या काळात चोरट्या कॅसेटींनी त्यांचं पुरेसं नुकसान केलेलं आहे. लातगा ही तिथली लेखक-संगीतकारांची हक्कसंस्था आणि आगाता ही वादक-गायक आणि निर्मात्यांची. कुणाला पुनःप्रकाशन करायचं असेल तर चौकशी तिथून सुरू करावी.

आणि कलाकारांना लिहा. ज्यांचे सार्वजनिक पान किंवा बँडचा पत्ता आहे, त्यांना सरळ इंग्रजीत किंवा भाषांतर करून लिथुआनियनमध्ये चार ओळी पाठवा. नमस्कार, मी भारतातून लिहितो आहे, तुमच्या अमुक कॅसेटमधलं अमुक गाणं मला फार आवडलं, एवढं आधी सांगा. मग यांतले नेमके प्रश्न निवडून विचारा: रेकॉर्डिंग कोणत्या शहरात झालं, कोणता कीबोर्ड होता, ड्रम मशीन कोणतं, कोरसमध्ये कोण गायलं आहे, मूळ टेप अजून कोणाकडे आहे का. एका वेळी तीनहून जास्त प्रश्न नकोत. मूळ टेपेचा प्रश्न कधीच वगळू नका, कारण त्या चुंबकीय पट्ट्यांना आता तीस वर्षं होऊन गेली आहेत.